मध्येच बंद पडणाऱ्या जुन्या गाडीचा फॉल्ट कसा पकडायचा

धुळ्यात माझं गॅरेज आहे. एप्रिल-मे लागला की एका दुखण्याच्या गाड्या हमखास येतात. पंधरा-वीस वर्षांची पेट्रोल गाडी, सकाळी टकाटक चालते, दुपारी पारोळ्याच्या नाहीतर साक्रीच्या रस्त्याला मध्येच बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. गॅरेजपर्यंत येते तेव्हा ठणठणीत असते. मालक हवालदिल होऊन म्हणतो, "भाऊ, आते तर चालू व्हयनी, आते तुले काय दखाडू?"

अशा गाडीत पार्ट बदलायची घाई करू नका. आधी प्लग, मग कॉइल, मग पेट्रोल पंप असं करत पैसे जातात, आणि वर एक वेगळाच घोटाळा होतो. काढ-घाल करताना एखादा सैल कपलर (वायरींचा जोड) हलतो, नीट बसतो, गाडी आठवडाभर बरी चालते आणि श्रेय नव्या पार्टला मिळतं. मग पुन्हा बंद पडली की सगळेच गोंधळतात. फॉल्ट हजर असतानाच तो पकडावा लागतो, आणि त्या वेळी मिस्त्री नसतो, तुम्ही असता. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितोय.

डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवा. गाडी बंद पडली की लिहायचं: इंजिन गरम होतं की थंड, टाकीत पेट्रोल किती, एसी चालू होता का, चढ होता की सपाट, खड्डा लागला होता का, पाऊस होता का, किती वेळानं चालू झाली. तीन-चार नोंदी झाल्या की त्यातलं साम्य दिसायला लागतं. माझ्यासाठी ती वही कुठल्याही मशीनपेक्षा मोलाची आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, बंद पडली ती कशी? आचके देत, उचल न घेता, हळूहळू मेली तर बहुतेक पेट्रोल कमी पडतंय. बटण बंद केल्यासारखी एका क्षणात गेली तर करंट तुटलाय. गाडीला आरपीएमचा काटा असेल तर त्याच्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिन फिरवताहेत, तरी काटा धपकन शून्यावर आला, तर क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे सांगणारा सेन्सर) सिग्नल किंवा कंट्रोल युनिटचा (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) सप्लाय तुटतोय. आणि त्याच वेळी मीटरमधले दिवेही गेले तर आधी चावीचं स्विच आणि बॅटरीचे टर्मिनल बघा. किल्ल्यांचा जड जुडगा वर्षानुवर्षं लटकून स्विचमधले पॉइंट झिजतात, मग खड्ड्यात गाडी बंद पडते.

आता गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे, चालू होत नाही. पार्किंगचे दिवे लावा, सगळ्यांना रस्त्यापासून लांब उभं करा. मग चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर मेन रिले (करंट जोडणारं-तोडणारं छोटं स्विच) किंवा फ्यूज गेलाय. दिवा लागला तर कान द्या: मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा पंपाचा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर पंपाचा रिले आणि हॉर्नचा रिले सारखाच आहे का बघा, असेल तर अदलाबदल करा. तरी नाही, तर टाकीला खालून रबरी हातोडीनं हलकं ठोका. त्यानं चालू झाली तर पंपाचे ब्रश संपले. हा पंप भोवतालच्या पेट्रोलनंच थंड राहतो, म्हणून आमच्याकडच्या ४३-४५ डिग्रीत टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. टाकीचं झाकणही उघडून बघा. फुस्सकन हवा आत ओढली गेली आणि गाडी चालू झाली, तर टाकीचा हवेचा मार्ग चोंदलाय.

पंप वाजतो, पण गाडी चालू होत नाही, आणि हे नेहमी गरम इंजिनवर, थांबून दहा-पंधरा मिनिटं झाली की होतं? इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो आणि बोनेटखालची उष्णता उलट वाढते. त्या तापात जुन्या क्रँक सेन्सरच्या आतली बारीक तार फाकते, थंड झाली की पुन्हा जुळते. सेन्सर हाताशी असेल तर त्याच्यावर ओला फडका ठेवा, पाच मिनिटं थांबा. गाडी चालू झाली तर चोर सापडला. गरम ब्लॉकवर पाणी मात्र ओतू नका. आणि प्लगची वायर हातात धरून स्पार्क बघायचा प्रकार तर कधीच नाही.

साक्रीकडच्या एका गुरुजींची गाडी फक्त कोंडाईबारी घाटात बंद पडायची. सपाटीला कधीच नाही. पंप, फिल्टर, प्लग सगळं आधीच बदलून झालेलं. वहीत एकच गोष्ट परत परत येत होती: दुसरा गिअर, चढ, पूर्ण एक्सलरेटर. मी बोनेट उघडून, हँडब्रेक ओढून, मुलाला क्लच किंचित सोडायला लावला. इंजिन एवढं मागे कललं की बघून कळलं, माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या आधाराचं, रबर फाटलंय. इंजिन कललं की सेन्सरची वायर ताणली जात होती. कपलर सोडला, तर आतली एक पिन हिरवट पडलेली आणि मागे सरकलेली. सरळ उभ्या गाडीत ती टेकायची, चढावर सुटायची. माउंटिंग बदललं, पिन नवीन केली, वायरला ढील दिली.

तेव्हा वायरिंग हलवून बघा. इंजिन आयडलिंगला ठेवा, पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब, आणि एकेक कपलर, एकेक वायर हळूच हलवा. जिथं इंजिन अडखळेल तिथं थांबा. शेतात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हमखास निघतात, त्या बऱ्याचदा एअर फिल्टरच्या डब्यामागे असतात.

मल्टीमीटर स्वस्त आहे, घ्या. बंद गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.५. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणारी) काढून घासून पुन्हा कसा. जुन्या गाड्यांचे कितीतरी विचित्र फॉल्ट एवढ्यानं जातात.

आता स्कॅनरचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले फॉल्टचे कोड वाचणाऱ्या यंत्राचं, थोडक्यात. २०१३ नंतरच्या गाड्यांना साधा ब्लूटूथवाला चालतो, २०१० आधीच्या बऱ्याच गाड्यांना कंपनीचा वेगळा लागतो. कोड आधी लिहून घ्या, मगच पुसा. बॅटरीची वायर काढली तरी कोड पुसले जातात, म्हणून मिस्त्रीला आधीच सांगा. कोड नसेल तर सेल्फ मारताना आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, म्हणजे सेन्सर किंवा त्याची वायर.

काम झाल्यावर गाडी गॅरेजच्या दारातून लगेच ताब्यात घेऊ नका. वहीत लिहिलंय तसंच ऊन, तोच चढ, एसी चालू, टाकीत तेवढंच पेट्रोल ठेवून मिस्त्रीला शेजारी बसवून चालवा. पूर्वी बदललेला जुना पार्ट निर्दोष होता असं निघालं, तर तो डिकीत ठेवा, कामाला येतो.