दोन मिनिटांचा व्हिडिओ, दोन पानांचं बिल

"ताई, दोन मिनिटांचाच तर व्हिडिओ आहे. किती घ्याल?" असा फोन आठवड्यातून दोन-तीनदा येतोच. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं व्हिडिओ बनवायचं ऑफिस आहे. कॅमेऱ्याला मी हात लावत नाही. माणसं, सामान आणि हिशोब माझ्याकडे. त्या फोनला मी उलट विचारते, "बोलणार किती जण, आणि कुठे?" समोरचा गोंधळतो, कारण त्याला मिनिटाचा भाव हवा असतो. आमचा भाव मात्र किती माणसं किती तास अडकणार, यावर ठरतो.

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखानदारांनी आमच्याआधी दोन कोटेशनं मागवली होती. एक 45 हजारांचं, दुसरं 1 लाख 30 हजारांचं. दोन्हींवर एकच ओळ: 'कंपनी फिल्म, 3 मिनिटं'. ते म्हणाले, "यातला कोण लुबाडतोय ते सांगा." मी दोन्हीकडे फोन करून विचारलं, तर कोणीच लुबाडत नव्हतं. पहिल्यात एकच मुलगा कॅमेरा, लाइट, आवाज सगळं सांभाळणार होता. दुसऱ्यात दोन कॅमेरे, वेगळा साउंडवाला, मेकअप आणि चार दिवसांचं एडिट होतं. म्हणून एकरकमी आकडा घेऊ नका. माणसं किती, शिफ्ट किती तासांची, सामान कोणतं, एडिटचे दिवस किती, हे ओळीओळीने लिहून मागा.

ते काम आम्हाला मिळालं आणि चूक मी केली. रेकीचे, म्हणजे शूटआधी जागा बघून यायचे, पैसे वाचवायला मीच म्हटलं, "जागेचे फोटो पाठवा, चालेल." शूटच्या दिवशी मालक खुर्चीत बसले, कॉलर माइक लागला, लाइट झाला. 'रोल' म्हणताच भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धडधडायला लागला. "थांबा, टाकी भरली की आपोआप बंद होतो." बंद झाला. चार वाक्यं झाली आणि पुन्हा सुरू. साउंडवाल्या पोराने हेडफोन काढून माझ्याकडे नुसतं बघितलं. कॉम्प्रेसर बंद करायचा तर अख्खी लाइन थांबणार. शेवटी कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत, अर्ध्या तासात, मुलाखत उरकली. नऊ ते नऊची शिफ्ट पावणेअकराला संपली. लाइटमन, अटेंडंट, टेम्पोवाला, सगळ्यांचा ओव्हरटाइम. निम्मा मी सोसला, निम्मा मालकांनी, आणि दोघंही नाराज. रेकीला याच्या चौथा हिस्साही लागला नसता.

तेव्हा कोटेशनमध्ये रेकी नसेल तर आग्रहाने घालून घ्या. आवाज कुठून येतो, 15 अँपिअरचे प्लग कुठे आहेत, टेम्पो दारापर्यंत येतो का आणि लिफ्ट चालू आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

लोक कॅमेऱ्याचं मॉडेल विचारतात. त्याचं भाडं आमच्या बिलात फारसं मोठं नसतं. लेन्स आणि लाइट भाड्याने आले की सोबत त्यांचे अटेंडंट येतात, आणि त्यांची मजुरी, चहा-जेवण वेगळं. आम्ही बरंचसं सामान अंधेरी-गोरेगावकडून मागवतो. घोडबंदरने निघालेला टेम्पो गायमुखला अडकला की मिनिटं माझ्या डोक्यात वाजायला लागतात. शिफ्ट गोडाउनमधून निघाल्यापासून मोजता की लोकेशनवर पोचल्यापासून, हे आधी विचारा. या एका प्रश्नाने दोन-तीन तास इकडचे तिकडे होतात.

स्टुडिओ घेतलात तर कॉम्प्रेसर नाही, पाऊस नाही. पण लाइट लावायचा वेळही तुमच्याच भाड्यात धरला जातो. पांढऱ्या इन्फिनिटी वॉलवर (भिंत आणि जमीन कोपरा न दिसता जोडलेली पार्श्वभूमी) बुटांचे ठसे उमटले तर रंगाचे पैसे कोणाचे, तेही बोलून घ्या. चपला बाहेर काढायला लावणारा स्टुडिओवाला खडूस नसतो, तो तुमचेच पैसे वाचवतो.

ड्रोनची हौस सगळ्यांना. "पाम बीच रोडचे दोन शॉट टाका ना." ड्रोन नियम 2021 प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. पाम बीच रोडही नवी मुंबईतच. म्हणजे आधी नकाशा बघायचा, मग परवाना असलेला पायलट, मग परवानगी. त्या दोन शॉटसाठी एवढं करायचंय का, ते तुम्ही ठरवा.

खरा खड्डा एडिटमध्ये असतो. दोन वेळा करेक्शन बहुतेक जण भावातच धरतात. पण मालक सकाळी व्हॉट्सॲप करतात, मुलगा दुपारी, आणि लोगो आणखी मोठा करा म्हणून पार्टनर रात्री. एकाच माणसाने एकच यादी पाठवावी. मोबाइलसाठी उभा व्हिडिओ हवा असेल तर शूटच्या आधी सांगा. आडव्या फ्रेममधून नंतर कापला की शेजारी उभा असलेला माणूस अर्धा जातो. 'सगळं फुटेज द्या' म्हणण्याआधी हार्ड डिस्कचा विचार करा: 100 एमबीपीएसने (सेकंदाला 100 मेगाबिट) एका कॅमेऱ्याचं एका तासाचं रेकॉर्डिंग 45 जीबी होतं. मराठीबरोबर हिंदी हवं असेल तर दुसऱ्या व्हॉइसओव्हरपेक्षा सबटायटल स्वस्त. सिनेमाचं गाणं मागे लावायचा हट्ट नको, त्याचे हक्क परवडणार नाहीत. 18 टक्के जीएसटी धरलाय का, तेही बघा.

पैसे वाचवायचे तर कामं एकत्र करा. नौपाड्यातल्या एक लोणचंवाल्या काकू चार छोटे व्हिडिओ एका दिवसात करून गेल्या. कैरीच्या फोडींवर गरम फोडणी ओतायचा शॉट होता. असा शॉट फसला की फोडी तेलकट होतात आणि सगळं नव्याने मांडावं लागतं. काकूंनी सारख्या फोडी भरलेल्या पाच काचेच्या बरण्या पुसून आणल्या होत्या, तेलही मोजून. तिसऱ्या बरणीत शॉट ओके झाला. साडेचारला पॅकअप. स्टुडिओ सहापर्यंत आमच्याकडे होता, म्हणून उरलेल्या दोन बरण्या मांडून त्यांच्या वेबसाइटचे फोटोही काढून झाले.