एसयूव्हीचा मागचा एअर बलून बदलताना

रात्री सपाट जागी उभी केलेली गाडी सकाळी मागून एका बाजूला बसलेली दिसते, इंजिन सुरू केल्यावर कुठूनसा घुर्र असा आवाज येतो आणि दोन-तीन मिनिटांत गाडी पुन्हा सरळ होते. मागे हवेची स्प्रिंग असलेल्या एसयूव्हीच्या मालकाला गाडी आठ-दहा वर्षांची झाल्यावर हा अनुभव बहुधा येतोच. पुस्तकात तिचे नाव एअर स्प्रिंग असले तरी साताऱ्याच्या गॅरेजांत तिला बलून म्हटले, की काम सोपे होते. शिवनेरीसारख्या बसगाड्यांच्या आणि मोठ्या ट्रकांच्या खाली असेच बलून असल्यामुळे अवजड वाहनांचे मेस्त्री त्यांच्याशी चांगले परिचित असतात. बलून बदलण्यासाठी सोडाव्या लागणाऱ्या बोल्टांची संख्या फार नसते. या कामातली खरी काळजी गाडीचे वजन आणि बलूनमधली हवा यांचा क्रम सांभाळण्यात आहे, आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच क्रमाविषयी आहे.

बलून म्हणजे दोऱ्यांच्या थरांनी मजबूत केलेली रबराची पिशवी असते. तिचा खालचा भाग पिस्टन नावाच्या पेल्यासारख्या तुकड्यावर आतल्या बाजूस दुमडलेला असतो आणि चाक वर-खाली झाले की ही दुमड पिस्टनवरून सरकत राहते. एका मागच्या चाकावर ६०० किलो भार आहे आणि बलूनचे भार पेलणारे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे असे धरले, तर आत सुमारे ६ बार दाब लागतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण साधारण सव्वादोन ते अडीच बार हवा भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पिशवीकडे किती आदराने पाहायला हवे ते कळते. रबर झिजते ते बहुतेक वेळा त्या दुमडीतच. यवतेश्वरच्या घाटातून कासकडे पावसाळ्यात नियमित जाणाऱ्या गाडीच्या दुमडीत तांबडा चिखल जाऊन बसतो, तो वाळला की खरकागदासारखा रबर घासतो, आणि ऊस वाहतुकीच्या हंगामात रस्त्यावर सांडलेली शेतातली माती तेच काम पुढे चालू ठेवते.

खर्चाला हात घालण्यापूर्वी गळती बलूनचीच आहे याची खात्री करावी. गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मिलिमीटरमध्ये मोजावे, कागदावर लिहावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजा किंवा डिकी उघडण्यापूर्वी पुन्हा मोजावे, कारण अनेक गाड्यांत दार उघडताच बलूनमधली हवा सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जागा होऊन उंची सुधारू लागतो. साताऱ्यातल्या हिवाळी रात्री बलूनमधली हवा दुपारपेक्षा १५ अंशांनी गार झाली, तर तिचे आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी घटते. त्यामुळे दोन्ही बाजू काही मिलिमीटरने सारख्याच खाली आल्या तर घाबरण्याचे कारण नाही. एकच बाजू दोन-तीन सेंटिमीटर खाली आली असेल, तर त्या बाजूचा बलून, त्याची नळी किंवा नळीचा जोड गळतो आहे असे मानण्यास हरकत नाही. दोन्ही बाजू एकदमच खूप खाली आल्या, तर मात्र दोन्ही बलूनांकडे हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्याकडेही संशयाने पाहावे लागते. गाडी पूर्ण उंचीवर असताना साबणाचे दाट पाणी दुमडीवर, वरच्या टोपीच्या कडेवर आणि नळीच्या जोडावर फवारले की बुडबुडे स्वतःच साक्ष देतात. मागच्या आर्मला, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याला, जोडलेल्या उंची मोजणाऱ्या सेन्सरची बारीक प्लास्टिकची दांडी तुटलेली नाही ना, हेही याच वेळी पाहावे. ती तुटली तर बलून धडधाकट असूनही गाडी चुकीच्या उंचीवर उभी राहते.

बलून गळतो आहे हे न पाहता थेट त्यात हवा भरणारा कंप्रेसर बदलून टाकणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कंप्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. गळका बलून त्याला दिवसभर राबवतो, तो तापतो, त्याच्या रिलेचे, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, संपर्कबिंदू जळून चिकटतात आणि शेवटी तो बंद पडतो. बलून न बदलता बसवलेला नवा कंप्रेसरही त्याच वाटेने जातो. उलट, जुना कंप्रेसर अजून चालत असेल, तर बलूनबरोबर निदान त्याचा रिले बदलावा आणि हवेचा फिल्टर तपासावा. रिलेची किंमत बाकीच्या खर्चापुढे नगण्य आहे. पूर्ण खाली बसलेली गाडी मात्र तशीच खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला नेण्याचा मोह टाळावा. शंभरहून अधिक किलोमीटर, हवा नसताना गाडी ज्यांच्यावर टेकते त्या रबरी थांब्यांवर आदळत जाण्यापेक्षा सपाट पाटीच्या क्रेनवर गाडी चढवणे स्वस्त पडते, शिवाय मागून बसलेल्या गाडीच्या दिव्यांचा झोत वर जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो.

सुटा भाग मागवण्यापूर्वी आपल्या गाडीची रचना पाहावी. बीएमडब्ल्यू एक्स ५ च्या २००६ नंतरच्या पिढीत मागे हवेची व्यवस्था असेल, तर बलून वेगळा आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगळा असतो. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्ये बलून शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच बसवलेला असल्याने काम अधिक मोठे होते. येथे दिलेली रीत पहिल्या प्रकारासाठी आहे. दोन्ही बलूनांनी सारखाच रस्ता आणि सारखीच वर्षे पाहिलेली असल्यामुळे ते जोडीने बदलावेत असे माझे स्पष्ट मत आहे. बोल्ट किती घट्ट आवळायचे याचे आकडे आपल्या गाडीच्या कार्यशाळा-पुस्तिकेतूनच घ्यावेत. कुणी तोंडी सांगितलेला आकडा घेऊ नये.

आता क्रमाविषयी. गाडी जॅकवर उचलली की चाके खाली लोंबतात आणि सेन्सरला वाटते की गाडी फार उंच झाली आहे. नियंत्रक जागा असेल, तर तो प्रामाणिकपणे बलूनमधली हवा सोडून देतो. पुढे गाडी खाली घेताना तिचे सारे वजन रिकाम्या पिशवीवर येते, रबर पिस्टनवर नीट गुंडाळले जाण्याऐवजी चुरगळून मध्ये सापडते आणि नवा कोरा बलूनही त्या एका क्षणात निकामी होऊ शकतो. माझ्या एका परिचिताच्या गाडीत हेच घडले: बलून नीट बसवले गेले, पण घाईने गाडी तशीच जमिनीवर उतरवण्यात आली आणि महिन्याभरात एका बलूनला दुमडीजवळ चीर पडली. म्हणून उचलण्यापूर्वी गाडीत जॅकची स्थिती निवडण्याची सोय असल्यास ती निवडावी, नसल्यास इंजिन बंद करून कंप्रेसरचा फ्यूज काढावा आणि काम संपेपर्यंत दारे आणि डिकी यांची उघडझाप टाळावी.

शक्य असल्यास हे काम औद्योगिक वसाहतीतल्या दोन खांबांची लिफ्ट असलेल्या गॅरेजात करावे. घरी करायचे असेल, तर फरशी पक्की हवी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे हवेत आणि गाडी उत्पादकाने दाखवलेल्या जागांखाली लोखंडी घोड्या हव्यात. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नये. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे घोडीची जागा घेऊ शकत नाहीत. ते आधी सूचना न देता फुटतात. दोन्ही मागची चाके एकाच वेळी लोंबकळत ठेवावीत, नाहीतर दोन्ही बाजूंचे आर्म जोडणारी दांडी, म्हणजे अँटी-रोल बार, एका बाजूचा आर्म वर ओढून धरतो आणि बलून काढण्यासाठी जागाच उरत नाही.

चाक काढल्यावर आड येत असेल तर मडगार्डचे प्लास्टिकचे अस्तर काढावे आणि बलूनची वरची बाजू व नळीचा जोड ब्रशने आणि कोरड्या फडक्याने स्वच्छ करावा. मातीचा एक कण नळीतून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचला तर नवी गळती विकत घेतल्यासारखे होते. सेन्सरची दांडी आर्मपासून हलक्या हाताने सोडवावी. यानंतर डोळ्यांवर चष्मा चढवून नळीचा जोड पान्ह्याने अगदी थोडा, पाव फेऱ्याएवढा, सैल करावा आणि फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. गाडी बसलेली होती म्हणजे बलून रिकामाच असणार, असे गृहीत धरू नये. काही बलूनांत थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो. ज्यांच्याकडे गाडीच्या नियंत्रकाला जोडायचे निदानयंत्र (स्कॅनर) आहे त्यांनी हवा त्याच्याकडूनच सोडवून घ्यावी आणि तरीही जोड सावकाशच उघडावा.

मऊ पडलेला बलून हाताने दाबून आखूड करता येतो. खालची पकड, ती बोल्टची असो वा क्लिपची, आधी सोडवावी, मग वरची पकड काढावी आणि बलून बाहेर घ्यावा. जागा अपुरी पडली तर शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढून आर्म आणखी खाली घेता येतो, परंतु त्याआधी आर्मला खालून जॅकचा आधार द्यावा. तसे न केल्यास त्याचा भार ब्रेकच्या रबरी नळीवर आणि चाकाच्या सेन्सरच्या तारेवर येतो. रिकाम्या बैठकीवरचा गंज आणि चिखल तारेच्या ब्रशने काढून तळहात फिरवून पाहावा, कारण तेथे उरलेला खडा नव्या बलूनला खालून टोचत राहतो.

नवा बलून ज्या दुमडीत पेटीतून आला त्याच दुमडीत ठेवावा. ती उलगडून पाहण्याची उत्सुकता आवरावी. त्याची खूण किंवा खुंटी आर्मवरच्या भोकात बसली पाहिजे आणि वरच्या व खालच्या टोकांमध्ये पीळ राहता कामा नये. नळीच्या टोकावर जुन्या जोडाची पितळी कडी रुतलेली असते. नळीला पुरेशी लांबी असल्यास तेवढा सुमारे एक सेंटिमीटरचा तुकडा धारदार पात्याने अगदी काटकोनात कापावा आणि बलूनसोबत आलेला नवा जोड वापरावा. टॅफलॉन टेप किंवा कोणताही डिंक लावू नये; त्याचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. नळी तळापर्यंत ढकलून जोड आवळावा आणि हलकेच मागे ओढून ती पक्की बसल्याची खात्री करावी. बलूनची टोपी बहुधा प्लास्टिकची असते, तेव्हा येथे मनगटाचा जोर दाखवण्याची गरज नाही.

हवा भरणे हा कामाचा निर्णायक टप्पा आहे. सेन्सरची दांडी परत जोडून आणि फ्यूज बसवून, गाडी अजून घोड्यांवर असतानाच निदानयंत्राने दोन्ही बलूनांत हवा भरावी आणि दुमड सर्व बाजूंनी सारखी, गोल उघडली आहे हे डोळ्यांनी पाहावे. निदानयंत्राशिवाय हा टप्पा नीट होत नाही, म्हणून ते नसेल तर या एका कामापुरते तरी यंत्र असलेल्या मेस्त्रीला बोलवावे. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरची नळी जोडण्याची युक्ती कोणी सुचवली तर ती नम्रपणे नाकारावी. त्या हवेबरोबर पाणी आणि तेलाची वाफ येते, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात तर पाणी अधिकच. गाडीचा स्वतःचा कंप्रेसर हवा वाळवून पाठवतो. तो हात लावता येणार नाही इतका तापला तर त्याला विश्रांती द्यावी. बलून भरल्यावर जोडांवर पुन्हा साबणाचे पाणी फवारावे, चाके बसवावीत आणि मगच गाडी हळूहळू खाली घ्यावी.

शॉक ॲब्सॉर्बरचा किंवा आर्मचा बोल्ट सोडला असेल, तर त्याची अखेरची आवळणी गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना करावी, अन्यथा आतला रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतो. चाकांचे बोल्ट टॉर्क पान्ह्याने आवळून सुमारे ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. नियंत्रकात नोंदलेल्या चुका निदानयंत्राने पुसाव्यात. सेन्सर जागेवरून हलला असेल तर उंचीची जुळणीही करून घ्यावी. नंतर दोन माणसांना डिकीत बसवून इंजिन सुरू ठेवावे. गाडी प्रथम दबून थोड्या वेळाने पूर्ववत उंचीवर आली, तर सेन्सर, नियंत्रक आणि कंप्रेसर आपापले काम करीत आहेत.

त्या रात्री गाडी त्याच फरशीवर, त्याच तोंडाने उभी करून पहिल्या दिवशीच्याच कागदावर नवी मापे लिहावीत, आणि तीच मापे आठवड्यानंतर पुन्हा घ्यावीत. पावसाळा संपल्यावर मागची चाके काढून दुमडीतला चिखल साध्या पाण्याच्या मंद धारेने धुवावा. सर्व्हिस स्टेशनवरचा जोराचा फवारा रबरापासून हातभर दूरच ठेवण्यास सांगावे, आणि डिझेल किंवा ग्रीस बलूनला लागू देऊ नये.