बॅकअपची हार्ड डिस्क: कनेक्शन कोणतं घ्यावं?

आधी डिस्क आतून कशी आहे ते बघा, पोर्टचं नंतर. फिरत्या तबकडीची अडीच इंची डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १४० एमबी देते. यूएसबी ३.० ची क्षमता ५ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट, गिगाबाइट नव्हे), म्हणजे प्रत्यक्षात ४०० एमबीच्या आसपास. थंडरबोल्टवर (यूएसबीहून महाग, वेगवान कनेक्शन) पैसे घातले म्हणून तबकडी जोरात फिरत नाही. १० जीबीपीएसचा पोर्ट एसएसडीलाच (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) कामाचा. (खोक्यावर ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ असं काहीही लिहिलेलं असो, तिन्ही एकच.)

खरी फसगत केबलमध्ये होते. टाइप-सी हा फक्त पिनचा आकार, वेग नव्हे. मोबाइलच्या चार्जरची सी केबल बहुतेकदा आतून यूएसबी २.० असते: हातात पडतात ३५ एमबी. ५०० जीबीचा बॅकअप सव्वा तासाऐवजी चार तास घेतो. जुन्या डिस्कवरच्या रुंद, दुहेरी मायक्रो-बी खाचेत फोनची साधी मायक्रो केबलही बसते आणि चालतेसुद्धा, म्हणून चूक लक्षात येत नाही. तपासायला ५ जीबीचा एकच व्हिडिओ कॉपी करा. बारीक फोटोंचा फोल्डर नको, तो कुठेही रखडतोच. वेग पस्तीस-चाळीस एमबीवर अडकला तर आधी केबल बदला, मग पोर्ट.

अडीच इंची डिस्क वीज पोर्टातूनच घेते: ३.० मध्ये ९०० मिलीअँपिअर, २.० मध्ये ५००. तबकडी सुरू होताना ओढ सर्वांत जास्त असते. बिनॲडॅप्टरच्या हबवर ती टकटक करते, मध्येच तुटते आणि फाइल सिस्टिम बिघडते. थेट लॅपटॉपला लावा.

साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर लागतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद पडते. ॲडॅप्टर यूपीएसवरच हवा.

नेटवर्कवरची डिस्क घेतलीत तर पहिला मोठा बॅकअप लॅन केबलने करा. गिगाबिटवर सुमारे ११० एमबी मिळतात. ई-सॅटा (बाहेरच्या डिस्कसाठीचा जुना पोर्ट) आता विसरा.

एक प्रत वाशीत, दुसरी ठाण्यात आईकडे असा बेत असेल, तर दोन्ही अडीच इंचीच घ्या. ॲडॅप्टरचं लोढणं घेऊन ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत कोणी चढत नाही, आणि ठाण्यातली प्रत महिनोन्‌महिने शिळीच राहते. केबल त्याच पाउचमध्ये ठेवा.