जुन्या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर बदलण्यापूर्वीची तयारी

नवे शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गाडीचे हेलकावे आवरणारे शॉक, विकत घेण्याआधी जुने खरोखरच बाद झाले आहेत याची खात्री करून घ्यावी. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत खडखडाटाचे खापर बहुधा शॉकवर फुटते आणि दोष मात्र चाकाजवळच्या दुसऱ्याच एखाद्या जोडभागाचा, म्हणजे झिजलेल्या लिंक रॉडचा, लोअर आर्मच्या रबरी बुशचा किंवा बॉल जॉइंटचा निघतो. शॉक गेल्याची लक्षणे वेगळी असतात. उंचवटा ओलांडल्यावर गाडी लगेच स्थिर न होता डोलत राहते, ब्रेक दाबताच पुढचा भाग नेहमीपेक्षा जास्त खाली जातो, वळणावर कललेली गाडी उशिरा सावरते, आणि टायरवर तळहात फिरवला तर थोड्या थोड्या अंतरावर खोलगट झीज हाताला लागते. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी परीक्षा मला अपुरी वाटते, कारण हाताने दाबताना आतला दट्ट्या संथपणे हलतो, तर रस्त्यावर त्याला क्षणार्धात मागेपुढे व्हावे लागते. या परीक्षेत नापास झालेला शॉक निश्चित बाद समजावा; पास झालेला चांगला आहे असे मात्र तेवढ्यावरून म्हणता येत नाही.

तेलाच्या खुणाही नीट वाचाव्यात. शॉकच्या तेल भरलेल्या नळीतून आत-बाहेर होणाऱ्या दांड्याच्या सीलजवळचा पुसट ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ म्हणजे गळती नव्हे, कारण दांड्याबरोबर तेलाचा पातळ थर बाहेर येतच असतो. तेल नळीवरून ओघळून निम्म्याच्या खाली पोहोचले असेल, किंवा स्वच्छ पुसल्यानंतर काही दिवसांत पुन्हा ओघळ दिसला, तर तो शॉक संपला. याच वेळी सपाट जागेवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते आणि शॉक फक्त तिचे हेलकावे आवरतो, त्यामुळे एका बाजूने बसलेली गाडी नव्या शॉकने वर येणार नाही. डाव्या-उजव्या मापांत ठळक फरक असेल, तर स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे गंजून तुटले आहे का, हे टॉर्च लावून पाहावे. जुन्या गाडीत ते टोक स्प्रिंग टेकण्याच्या बशीत बसलेले असल्यामुळे तुटूनही लवकर दिसत नाही.

आपल्या गाडीला कुठे स्ट्रट आहे आणि कुठे सुटा शॉक, हे खरेदीपूर्वी स्पष्ट असावे. बहुतेक कौटुंबिक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० च्या आसपास फोर्डच्या गाड्यांतून प्रचारात आली. तिच्यात शॉक, स्प्रिंगची बशी आणि चाकाला वरून धरून ठेवणारा आधार हे सारे एकाच खांबात सामावलेले असते, आणि स्टिअरिंग फिरवताना हा खांबही फिरतो. मागे बहुधा सुटा शॉक असतो आणि स्प्रिंग वेगळी असते. म्हणूनच मागचे काम तुलनेने सोपे आणि स्वस्त होते, तर पुढच्या कामात चाकाचे कोन बिघडतात आणि ते पुन्हा जुळवण्याचा, म्हणजे अलाइनमेंटचा, खर्च धरूनच चालावे लागते.

दुकानदाराशी बोलण्यापूर्वी चॅसी क्रमांक, निर्मितीचा महिना व वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि गाडीची नेमकी श्रेणी (व्हेरियंट) एका कागदावर उतरवून घ्यावी. केवळ मॉडेलचे नाव आणि वर्ष पुरेसे नसते, कारण एकाच मॉडेलमध्ये मध्येच स्ट्रटच्या नळीचा व्यास किंवा लिंक रॉडच्या कानाची जागा बदललेली असू शकते, आणि डिझेल इंजिन जड असल्यामुळे त्या गाडीची पुढची स्प्रिंगही बहुधा वेगळी असते. जुन्या भागावरचा क्रमांक ब्रशने घासून वाचता आला तर उत्तम. पण आधीच्या मालकाने चुकीचा भाग बसवलेला असू शकतो, म्हणून तोही चॅसी क्रमांकावरून पडताळावा. मागचे शॉक स्वतःच उंची सांभाळणारे आहेत का, किंवा शॉकला विजेची तार जोडलेली आहे का, हेही पाहावे. अशा गाडीला साधा शॉक बसवला तर मूळ रचनाच बदलते. स्वतःच उंची सांभाळणारा शॉक काढला तर मागची स्प्रिंगही बदलावी लागू शकते.

आता खऱ्या निवडीकडे यावे. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. दुहेरी नळीच्या शॉकमध्ये आतल्या नळीत दट्ट्या फिरतो आणि बाहेरच्या नळीत जास्तीचे तेल व कमी दाबाचा नायट्रोजन वायू असतो. हा वायू तेलाला फेस येऊ देत नाही. एकेरी नळीच्या शॉकमध्ये वायू बराच जास्त दाबाखाली आणि तेलापासून तरंगत्या दट्ट्याने वेगळा केलेला असतो, नळीला थेट वारा लागल्याने उष्णता लवकर बाहेर पडते, आणि सलग खराब रस्त्यावरही पकड टिकते. मात्र त्या दाबामुळे दांडा बाहेर ढकलला जातो, त्यामुळे चाल थोडी कडक होते आणि गाडी किंचित उचललीही जाते. शिवाय दगड लागून नळीला पोचा पडला तर दट्ट्या अडकतो. एकाच कंपनीकडे दोन्ही प्रकार असतात. केवायबीची एक्सेल-जी ही दुहेरी नळीची मालिका आहे, तर गॅस-अ-जस्ट एकेरी नळीची. बिलस्टीनचा बी ४ मूळ चालीच्या जवळ राहतो आणि बी ६ अधिक कडक असतो. म्हणून नुसते कंपनीचे नाव विचारून भागत नाही, मालिका विचारावी लागते. माझे स्पष्ट मत असे की, मूळ उंचीवर असलेल्या आणि घरच्यांना घेऊन फिरणाऱ्या जुन्या गाडीला वायू भरलेला, दुहेरी नळीचा, मूळ गुणांचाच शॉक घ्यावा. थकलेल्या स्प्रिंगवर कडक शॉक बसवला की मागे बसणाऱ्या वृद्ध माणसाला रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीत जाणवतो. गाडीत सतत जड सामान असेल किंवा मागे ट्रेलर जोडला जात असेल, तर मात्र कडक मालिकेचा विचार जरूर करावा.

काहीही घेतले तरी एका आसावरचे दोन्ही शॉक एकत्र आणि एकाच मालिकेचे बदलावेत, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉक असला की जोरात ब्रेक लावताना दोन चाके वेगवेगळी वागतात.

स्ट्रटच्या बाबतीत नुसता स्ट्रट घ्यावा की स्प्रिंग आणि माउंट (स्ट्रटला वर गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा भाग) यांसह जोडून आलेला संच घ्यावा, हा प्रश्न उरतो. संच महाग असतो, पण काम लवकर होते आणि दाबलेली स्प्रिंग हाताळावी लागत नाही. ही स्प्रिंग साधनातून निसटली तर जीवघेणी इजा होऊ शकते, म्हणून चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि अनुभव नसलेल्याने हे काम घरी करू नये. स्वस्त संचातली स्प्रिंग पुष्कळदा अनेक श्रेणींसाठी मिळून बनवलेली असते आणि गाडीची उंची बदलते. मूळ स्प्रिंग सुदृढ असेल तर मी नुसता स्ट्रट घेणे पसंत करतो.

पण तसे केल्यास आजूबाजूचे भाग यादीत आलेच पाहिजेत. पहिल्यांदा स्ट्रट बदलले तेव्हा मेकॅनिकने वरचे माउंट चालण्यासारखे आहे म्हणून तेच पुन्हा बसवले आणि मीही पैसे वाचले म्हणून मान डोलावली. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवले की स्प्रिंग ताणून टणकन सुटल्यासारखा आवाज होई. सारे पुन्हा खोलले तेव्हा माउंटमधले बेअरिंग गंजून जवळजवळ घट्ट झालेले होते, आणि दांड्यावरचा बंप स्टॉप, म्हणजे शॉक पूर्ण दाबला गेला की धक्का झेलणारा मऊ तुकडा, बोटांत धरताच त्याचा पिवळट भुगा झाला. मजुरी आणि अलाइनमेंट दोन्ही दुसऱ्यांदा भरावी लागली. तेव्हापासून माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप, धुळीचे रबरी आवरण आणि वरचा नवा नट हे पाचही मी स्ट्रटबरोबरच मागवतो.

माल घरी आल्यावर खोके फाडण्यापूर्वी क्रमांक आणि डावे-उजवे जुळते का ते पाहावे. दांड्याचा मुलामा निष्कलंक असावा; त्यावर पकडीचा एक ओरखडा पडला तरी सील लवकर फाटते. ब्रेकच्या नळीचा आणि एबीएसच्या तारेचा आधार योग्य जागी आहे का, हे गाडी जॅकवर चढवण्याआधीच तपासावे.

कामाच्या आदल्या दिवशी गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारावे आणि अलाइनमेंटची वेळ ठरवून ठेवावी. दुहेरी नळीचा शॉक उभा धरून पूर्ण ताणावा व दाबावा, आणि मध्ये अडखळण्याची पोकळी जाणवेनाशी होईपर्यंत असे तीन-चार वेळा करावे, म्हणजे साठवणीत आडवे पडल्यामुळे आत शिरलेला वायू वर निघून जातो. रबरी बुशमधले बोल्ट चाक हवेत असताना फक्त टेकवून ठेवावेत आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळावेत, अन्यथा बुश कायम पिळलेले राहून थोड्याच काळात फाटते. काही दिवस गाडी चालवल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची चारही मापे पुन्हा घेऊन आधीच्या आकड्यांशेजारी लिहावीत.