मालवाहू विमानाचं अवघड लँडिंग बघताना नजर कुठे ठेवायची

सी-१७ किंवा सी-१३० ही लष्करी मालवाहू विमानं सोसाट्याच्या वाऱ्यात उतरतानाचे व्हिडिओ सगळेच बघतात, पण बहुतेक जण चाकं टेकायची वाट बघत बसतात आणि त्याच्या जरा आधी आणि जरा नंतर जे घडतं तेच निसटतं.

तर पहिलं बघायचं नाक. आडवा वारा असला की विमान तिरकं येताना दिसतं, नाक वाऱ्याकडे पण विमान सरकतंय मात्र धावपट्टीच्याच रेषेत, याला क्रॅबिंग म्हणतात, कंट्रोल वगैरे काही गेलेला नसतो. टेकायच्या ऐन आधी पायलट रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून नाक सरळ करतो आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवतो, म्हणून त्या बाजूची चाकं आधी टेकली तर ते मुद्दामच असतं. सी-५ गॅलेक्सी या आणखी एका मालवाहू विमानाच्या सुरुवातीच्या मॉडेलात तर चाकंच २० अंशांपर्यंत वळवून ठेवायची सोय होती, म्हणजे तिरकं आलं तर तिरकंच उतरा!

आता टेकणं. प्रवासी विमान अलगद उतरलं की आपण खूश, इथे उलटं. छोट्या पट्टीवर जवळजवळ आदळतातच, कारण हळुवार टेकवायच्या नादात विमान तरंगत राहिलं की पुढची पट्टी फुकट जाते. सी-१७ असेल तर लगेच पंखावर बघा, फळ्या उभ्या राहतात, ते स्पॉयलर, त्यांनी पंखाची उचल मोडते, सगळं वजन चाकांवर येतं आणि तेव्हा कुठे ब्रेक धरतात. त्याचं रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे थांबण्यासाठी इंजिनाचा उलटा फिरवलेला झोत, वर आणि पुढे फेकलं जातं, त्यामुळे कच्च्या पट्टीवरची धूळ-खडी इंजिनात जायची भीती कमी होते. सी-१३० चं हेच काम इंजिनापुढच्या पंख्याची पाती उलट्या कोनात फिरवून होतं.

व्हिडिओत अजिबात दिसत नाही ती उंची. २० ऑगस्ट २०१३ ला हवाई दलाचं सी-१३०जे लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला उतरलं, १६,६१४ फुटांवर. एवढ्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच दाट, त्यामुळे स्पीडच्या काट्यावर १०० नॉट (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) दिसले तरी विमान खरं १३० नॉटच्या आसपास पळत असतं, म्हणजे तेवढ्याच वजनाला थांबवायला ब्रेकना दीडपटीहून जास्त ऊर्जा जिरवायची, आणि परत उडायचं तर इंजिनाचा दमही कमी पडतो. अशा ठिकाणी मला तरी लँडिंगपेक्षा टेकऑफच जास्त बघावासा वाटतो.

टेकऑफला पुढच्या चाकावर नजर ठेवा. ब्रेक दाबून पॉवर वाढवली की नाक खाली दबतं, ब्रेक सोडला की झटक्यात वर येतं, त्या क्षणी स्टॉपवॉच सुरू करा आणि मागची चाकं सुटली की बंद. मग तेच विमान सखल भागातल्या पट्टीवरून उडतानाचा व्हिडिओ लावा आणि वेळ ताडून बघा, फक्त वजन वेगळं असू शकतं एवढं धरून चाला.