हवाई छायाचित्रांवरून राष्ट्रीय उद्यानाचा वनस्पती-नकाशा : या चुका टाळा

वनस्पती-नकाशा फसला की खापर बहुतेक वेळा छायाचित्रांवर फोडलं जातं. ढग होते, कॅमेरा साधा होता, संगणकाने वर्गीकरण नीट केलं नाही, वगैरे. प्रत्यक्षात अशा नकाशांच्या बऱ्याच चुका विमान धावपट्टीवर असतानाच झालेल्या असतात. नकाशात काय दाखवायचं, किती लहान तुकडा वेगळा काढायचा, कोणत्या महिन्यात उड्डाण करायचं, हे कुणी नीट ठरवलेलंच नसतं. अशा चुका नंतर कोणतंही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करू.

वर्गांची यादी न ठरवता उड्डाण करणं

वनस्पतिशास्त्रज्ञ जंगलात उभा राहून वनस्पती-समुदाय, म्हणजे एकत्र वाढणाऱ्या वनस्पतींचा गट, ओळखतो तेव्हा तो पायाखालचं गवत, झुडपं, रोपं सगळं पाहतो. छायाचित्राला फक्त वरचं पर्णछत्र दिसतं. दोन समुदायांतला फरक झाडांखालच्या वनस्पतींवर ठरत असेल, तर वरून घेतलेल्या चित्रात तो सापडणार नाही. तरीही कित्येक प्रकल्पांत शास्त्रीय वर्गीकरणाची पूर्ण यादी जशीच्या तशी उचलली जाते आणि मग दुभाषकाला, म्हणजे छायाचित्रं वाचणाऱ्याला, अंदाजाने नावं टाकावी लागतात.

योग्य क्रम असा. आधी उद्यानात ठिकठिकाणी नमुना-चौकटी (पाहणीसाठी आखलेले जमिनीचे लहान तुकडे) टाकून समुदाय नोंदवा. मग प्रत्येक समुदाय चित्रात कसा दिसतो ते तपासा : रंगछटा, पोत, शेंड्यांचा आकार, सावली, उतारावरची जागा, शेजार. ज्यांची ओळख पटते त्यांना स्वतंत्र वर्ग द्या आणि ज्यांची पटत नाही ते एकत्र करा. या तपासणीतून तयार होणारी सचित्र ओळख-सूची सगळ्या दुभाषकांसमोर असली पाहिजे. ती नसेल तर दोन माणसं एकाच डोंगराला दोन नावं देतात, आणि जिथे एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे नकाशात जोड उमटतो.

दुसरा प्रश्न सर्वांत लहान तुकड्याचा. अमेरिकेत १९९४ साली तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने आणि राष्ट्रीय उद्यान सेवेने मिळून उद्यानांच्या वनस्पती-नकाशांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात किमान तुकडा अर्धा हेक्टर धरला होता आणि प्रत्येक वर्गासाठी ८० टक्के अचूकतेचं लक्ष्य होतं. अर्धा हेक्टर म्हणजे साधारण ७१ मीटर बाजूचा चौरस. १:१२,००० प्रमाणाच्या छायाचित्रावर तो जेमतेम ६ मिलिमीटरचा होतो, १:२४,००० वर ३ मिलिमीटरचा. एवढ्या जागेत पोत वाचायचा असतो. नकाशात झऱ्याकाठची १० मीटर रुंदीची हिरवी पट्टी हवी असेल तर ती अर्ध्या हेक्टरच्या नियमात बसणार नाही. तिच्यासाठी वेगळा नियम हवा, आणि तो उड्डाणाआधी लिहून ठेवायला हवा.

चुकीचा हंगाम

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण ती सुधारायची म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा उड्डाण.

भर पानोऱ्यात पानगळीची रुंद पानांची झाडं जवळजवळ एकाच रंगाची दिसतात. पानं फुटण्याच्या किंवा झडण्याच्या दिवसांत मात्र प्रत्येक जातीचं वेळापत्रक वेगळं असतं. एक पिवळी पडलेली, दुसरी अजून हिरवी, तिसरी पार उघडी. जाती वेगळ्या करायच्या असतील तर हे दोन-तीन आठवडे सोन्यासारखे. उलट पर्णछत्राची घनता मोजायची असेल तर पूर्ण पानोरा हवा. एकाच उड्डाणातून दोन्ही कामं करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात.

अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे पानझडी वृक्षांच्या खाली ऱ्होडोडेंड्रॉन आणि माउंटन लॉरेल यांची सदाहरित झुडपं दाट वाढतात. उन्हाळ्याच्या, म्हणजे तिथल्या भर पानोऱ्यातल्या, चित्रांत ती अजिबात दिसत नाहीत. वरची पानं झडलेल्या काळातली छायाचित्रं वापरली तेव्हाच हा खालचा थर नकाशावर आणता आला. म्हणजे छायाचित्राला फक्त वरचं दिसतं या अडचणीवरही काही जंगलांत हंगामाच्या निवडीने मात करता येते.

पाणथळ उद्यानांत पानांइतकीच पाण्याची पातळी महत्त्वाची असते. अमेरिकेतल्या एव्हरग्लेड्ससारख्या ठिकाणी तेच गवत पाणी चढल्यावर गडद दिसतं आणि पाणी ओसरल्यावर फिकं. उड्डाणाच्या दिवशीची पाणीपातळी नोंदवलेली नसेल, तर दोन वर्षांच्या चित्रांतला फरक वनस्पतींचा की पाण्याचा, हे सांगता येत नाही.

नुसत्या साध्या रंगीत चित्रांवर विसंबणं

निरोगी पान लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं. नजीकचा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशीरचनेमुळे मोठ्या प्रमाणात परत फेकला जातो. डोळ्यांना सारख्या हिरव्या दिसणाऱ्या वनस्पती अवरक्तात म्हणूनच वेगळ्या पडतात. रंगीत अवरक्त चित्रात रुंद पानांची झाडं उजळ लाल ते गुलाबी दिसतात, सूचिपर्णी झाडं काळपट लाल, आणि वाळलेली निळसर-हिरवट किंवा करडी. अशी चित्रं देणारी फिल्म दुसऱ्या महायुद्धात लपवलेली ठाणी हुडकायला वापरली गेली, कारण ठाणी झाकायला लावलेली रंगीत कापडं आणि जिवंत पानं तिच्यावर सारखी दिसत नसत. आता त्या फिल्मचं काम डिजिटल कॅमेऱ्याचा चौथा, म्हणजे नजीकच्या अवरक्ताचा, पट्टा करतो. कंत्राट देताना तो मागून घ्या, नंतर तो कुठूनही आणता येत नाही.

डोंगर सपाट समजणं

उभ्या, म्हणजे सरळ खाली पाहत घेतलेल्या, छायाचित्राचं प्रमाण म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर भागिले जमिनीपासूनची उंची. १५२ मिलिमीटरचं भिंग असेल आणि विमान दरीच्या तळापासून १,८२४ मीटरवर असेल, तर तळाशी प्रमाण १:१२,००० येतं. त्याच चित्रात ३०० मीटर उंच माथा असेल तर तिथे प्रमाण जवळपास १:१०,००० होतं. एकाच कागदावर दोन प्रमाणं! ज्याने चित्रावरून थेट क्षेत्रफळ मोजलं, त्याच्या आकड्यांत माथ्यावरचं जंगल फुगतं.

शिवाय माथा जागेवरून सरकतो. मध्यबिंदूपासूनचं अंतर गुणिले उंची, भागिले उड्डाणाची उंची, असं हे सूत्र आहे. माथा चित्राच्या मध्यापासून ९० मिलिमीटरवर असेल तर तो साधारण १५ मिलिमीटर बाहेर ढकलला जातो. १:१२,००० ने हिशेब केला तर जमिनीवर जवळजवळ १८० मीटर! अर्ध्या हेक्टरचे दोन तुकडे शेजारी शेजारी मांडले तरी एवढं अंतर भरत नाही. स्मोकीजमध्ये उंची सुमारे २६७ मीटरपासून २,०२५ मीटरपर्यंत जाते. तिथे ही दुरुस्ती टाळली तर नकाशाचा उपयोगच उरत नाही.

उपाय म्हणजे ऑर्थोफोटो (हे सरकणं दुरुस्त केलेलं छायाचित्र), आणि त्यासाठी चांगलं उंची-प्रतिमान, म्हणजे जागोजागच्या उंचीची डिजिटल नोंद. चार कोपरे धरून चित्र नकाशावर ताणून बसवणं हा उपाय नाही. कोपरे जुळतात, मधले डोंगर तसेच सरकलेले राहतात. संदर्भप्रणालीही, म्हणजे नकाशावरच्या जागा ज्या पायावर मोजल्या जातात तीही, तपासा. अमेरिकेतल्या जुन्या नकाशांची एनएडी २७ आणि नंतरची एनएडी ८३ यांत मुख्य भूमीवर १० ते १०० मीटरपर्यंत अंतर पडतं. सगळा थर एकाच दिशेला सारखा सरकलेला दिसला तर आधी हेच बघावं. सरकणं डोंगरावर जास्त आणि दरीत कमी असेल, तर दोष उंचीच्या दुरुस्तीत आहे.

काळा डाग : पाणी, राख की सावली?

रंगीत अवरक्त चित्रात स्वच्छ पाणी काळं दिसतं. ओली माती, नुकतं जळालेलं रान आणि कड्याची सावली हेही गडदच. नवखे दुभाषक इथेच अडखळतात, म्हणून हे जरा जवळून पाहू.

आधी सूर्याची दिशा काढा. एखादं सुटं झाड शोधून त्याची सावली कुठे पडली आहे ते बघा. चित्रातल्या सगळ्या सावल्या त्याच बाजूला पडतात. डाग उंच गोष्टीच्या त्याच बाजूला चिकटलेला असेल तर तो सावलीचा असण्याची शक्यता मोठी. मग स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या दुहेरी भिंगाखाली, त्याच जागेची दोन शेजारची चित्रं ठेवा. पाणी असेल तर पृष्ठभाग सपाट दिसेल आणि कडा एकाच उंचीवर फिरेल. सावली उतारावरून खालीवर जाते आणि तिच्या आत शेंड्यांचे पुसट आकार बहुधा दिसतात. जळालेल्या जागेची कडा दातेरी असते, मध्ये वाचलेल्या झाडांची लाल बेटं असतात, आणि ती पायवाट किंवा ओढ्याशी अचानक थांबलेली सापडते. तरीही खात्री पटली नाही तर त्या तुकड्यावर खूण करून प्रत्यक्ष पाहणीच्या यादीत टाका. अंदाजाने नाव देऊन पुढे जाऊ नका.

सावल्या मुळातच कमी हव्या असतील तर सूर्य क्षितिजापासून ३० अंशांच्या वर असताना उडा. ३० अंशांवर २० मीटर उंचीच्या झाडाची सावली सुमारे ३५ मीटर पडते, ६० अंशांवर साडेअकरा मीटर.

सरळ रेषेत बदलणारं जंगल

तयार नकाशात दोन वनप्रकारांची हद्द पट्टीने आखल्यासारखी सरळ आली, तर ती उड्डाणपट्ट्यांच्या (विमानाच्या एकेका फेरीत टिपलेल्या चित्रांच्या रांगांच्या) आराखड्यावर ठेवून पहा. तिथे कुंपण, रस्ता किंवा जुनी तोड नसेल तर ती हद्द दोन चित्रांच्या जोडाची आहे.

कारण भूमितीचं आहे. चित्राच्या मध्यावर कॅमेरा झाडांच्या शेंड्यांवर सरळ वरून पाहतो, त्यामुळे झाडांमधली जमीन दिसते. कडेला तीच झाडं बाहेर झुकलेली दिसतात, फटी बुजतात आणि विरळ रान दाट भासतं. भरीला उजेड : चित्राच्या सूर्याकडच्या बाजूला झाडांच्या छायेतल्या बाजू दिसतात आणि तो भाग गडद होतो, समोरच्या बाजूला उन्हातल्या दिसतात आणि तो उजळतो. संगणकाला हे दोन वेगळे वर्ग वाटतात. म्हणून प्रत्येक चित्राचा मधला भागच वापरावा. त्यासाठी पुढे-मागे ६० टक्के आणि शेजारच्या पट्टीशी ३० टक्के आच्छादन (एका चित्रातला भाग दुसऱ्यातही येणं) हा फिल्मच्या काळापासूनचा संकेत आहे. ड्रोनने घनदाट जंगल टिपताना मी ८० आणि ७० च्या खाली उतरू नये असं म्हणेन, कारण हलणारी पानं जुळवताना सॉफ्टवेअरला पुरेसे सामाईक बिंदू मिळत नाहीत आणि चित्रात भोकं पडतात.

ड्रोन आणि अति बारकावा

पाच सेंटिमीटरचा पिक्सेल ऐकायला छान वाटतो. पण त्यात एकाच झाडाची उन्हातली फांदी, सावलीतली फांदी आणि मधली माती असे तीन वर्ग पडतात, आणि नकाशा तीळ पसरल्यासारखा ठिपक्यांचा होतो. अशा चित्रांवर आधी सारख्या भागांचे तुकडे पाडून मग तुकड्यांचं वर्गीकरण करावं.

परवानगीचा विषय हलक्यात घेऊ नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवण्यावर सर्वसाधारण बंदी आहे आणि संशोधनासाठी लेखी परवाना लागतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ड्रोन डोक्यावर आल्यावर काळ्या अस्वलांचे हृदयाचे ठोके वाढलेले आढळले, वागण्यात फारसा बदल दिसत नसतानाही. प्राणी शांत दिसतो म्हणजे त्याला त्रास नाही, असं समजू नये. घरट्यांच्या हंगामात तर उड्डाण नकोच.

जुन्या चित्रांची तारीख न पाहणं

अमेरिकेतल्या येलोस्टोनमध्ये १९८८ च्या आगींनी उद्यानाच्या सुमारे ३६ टक्के क्षेत्राला झळ पोहोचवली. त्याआधीच्या चित्रांवरून आजचा नकाशा करणं निरर्थक. पण बदल अभ्यासायला तीच चित्रं अमूल्य आहेत, म्हणून ती जपून स्कॅन करा. त्यासाठी छायाचित्रमापनाचा (छायाचित्रांवरून मोजमाप करण्यासाठीचा) स्कॅनर वापरा, कारण कार्यालयातल्या साध्या स्कॅनरमध्ये भूमिती वाकते. १:१२,००० चं चित्र १,२०० डीपीआयवर (इंचाला १,२०० ठिपके) स्कॅन केलं की जमिनीवर साधारण पाव मीटरचा पिक्सेल मिळतो आणि एवढा बारकावा पुरतो.

अचूकतेचा एकच आकडा

'नकाशा ९० टक्के अचूक' हे वाक्य वाचलं की मी लगेच तक्ता मागतो : कोणत्या वर्गातली किती ठिकाणं बरोबर निघाली आणि किती दुसऱ्या वर्गांत गेली याचा. समजा ५०० ठिकाणी तपासणी झाली. त्यातली ४०० गवताळ, ३८० बरोबर. दलदलीची २०, त्यातली फक्त ८ बरोबर. उरलेल्या ८० पैकी ६२ बरोबर. एकूण ४५०, म्हणजे ९० टक्के. पण दलदल ४० टक्केच सापडली, आणि उद्यानाला नकाशा कदाचित दलदलीसाठीच हवा होता. म्हणून प्रत्येक वर्गाला पुरेशी ठिकाणं द्या. दर वर्गाला किमान ५० हा जुना संकेत चांगला आहे. दुर्मीळ वर्गात तेवढी जागाच नसेल तर आहेत ते सगळे तुकडे बघा.

तपासणी बिघडवणाऱ्या सवयी ठरलेल्या आहेत. फक्त रस्त्याकडेचे बिंदू घेणं. ज्या ठिकाणांवरून ओळख-सूची बनवली तिथेच पुन्हा तपासणं. पाहणी करणाऱ्याच्या हातात आधीच नकाशातलं नाव देणं. मग त्याला तेच दिसू लागतं. तुकड्याच्या अगदी कडेला बिंदू टाकणं, जिथे दाट झाडीखाली जीपीएसची काही मीटरची चूकही शेजारच्या वर्गात नेऊन सोडते.

तक्त्यात दोन वर्ग सतत एकमेकांत मिसळत असतील तर त्यांच्या हद्दी पुन्हा पुन्हा कोरत बसू नका. चित्रात ते वेगळे दिसतच नाहीत असा त्याचा अर्थ घ्या आणि त्यांना एकत्र करा. वेगळे ठेवणं गरजेचंच असेल तर दुसऱ्या हंगामाची चित्रं मिळवा. नकाशाच्या कोपऱ्यात छायाचित्रांची तारीख, किमान तुकडा आणि प्रत्येक वर्गाची अचूकता छापा, मूळ तक्ता फाईलसोबत द्या, आणि नमुना-चौकटींच्या जागा नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या उड्डाणानंतर त्याच चौकटींत परत जाता येईल.