लेकराला पुण्याला पाठवायचंय? आधी एक मंगळवार काढून जाऊन या

आमच्या सेलूत (परभणी जिल्हा) बारावीचा रिझल्ट लागला की लोक तीनच प्रश्न विचारतात, किती पडले, कुठं टाकणार, अन् पुण्याला का नाही. तिसऱ्या प्रश्नाला घाबरून मी मोठ्या लेकीचं ॲडमिशन केलं होतं. कॉलेजच्या नावात पुणे होतं, वेबसाइटवर हिरवंगार लॉन अन् काचेची बिल्डिंग होती, मी दुकानात बसून मोबाईलवर बघितलं आणि ठरवून टाकलं. प्रत्यक्षात ते कॉलेज शहरापासून दोन बस बदलून दीड तास, फर्स्ट इयरला हॉस्टेल मिळालं नाही म्हणून रूम शहरात, म्हणजे रोज तीन तास नुसते बसमधे. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, मी पुण्यात नाही शिकत, पुण्याच्या रस्त्यावर शिकते." चार वर्षं काढली तिनं, शिकली पण चांगली, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून धाकट्याच्या वेळी सगळं वेगळं केलं, आणि आता माझ्या कृषी सेवा केंद्रावर बी-बियाणं घ्यायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस मला विचारतो की लेकराचं कॉलेज कसं ठरवायचं, तर एकदाच लिहून ठेवतो.

आधी बोलणं. घरात, काका-मामा बसलेत, चहा चालू आहे, अन् मधेच "मग काय ठरवलं रे?" असं विचारलं तर कोणतंच पोरगं खरं बोलत नाही, तुम्हाला जे ऐकायचंय तेच बोलतं. मी गाडीवर शेतात जाताना विचारायचो. तोंड समोर नसलं की पोरं मोकळी बोलतात. माझा म्हणाला कंप्युटर. का? तर सगळेच घेतायत. मी वाद घातला नाही, फक्त म्हणलं विद्यापीठाच्या साइटवरून कंप्युटर अन् इलेक्ट्रिकल दोन्हीचा सेकंड इयरचा सिलॅबस काढ अन् मला वाचून दाखव. फर्स्ट इयरचा नको, तो सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो. कंप्युटरचा त्यानं दोन पानं वाचला अन् जांभई दिली. इलेक्ट्रिकलमधे इंडक्शन मोटार आली तसा उठून बसला, "हे तर आपल्या विहिरीवरच्या मोटारीचंच आहे." हे लेकरू आठवीपासून रिवाइंडिंगवाल्याकडं जाऊन बसायचं, तांब्याची तार गुंडाळायचं, स्टार्टर उघडून ठेवायचं, अन् मला बापाला ते कधी दिसलंच नव्हतं. तुमच्या लेकराचं पण असं काहीतरी असतंच. फक्त मार्कलिस्टमधे नसतं.

दुसरं, शहरात जायचंच का हे एकदा तरी विचारा. लय जणांना वाटतं मराठवाड्यात काही नाहीच. छत्रपती संभाजीनगरचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग १९६० चं आहे, नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी १९८१ चं, परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, जालन्यात तर मुंबईच्या आयसीटीचा (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) कॅम्पस २०१८ ला आला, कायद्यासाठी संभाजीनगरात महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. माझं स्पष्ट मत आहे, इथं सरकारी कॉलेजात सीट मिळत असताना पुण्यातलं तिसऱ्या फळीतलं प्रायव्हेट घेण्यात काही अर्थ नाही, नुसतं नातेवाइकांना सांगायला बरं वाटतं. पण काही गोष्टींना शहर लागतंच. कुणाला अर्थशास्त्र नीट शिकायचंय, डिझाइन करायचंय, परदेशी भाषा शिकायच्यात, शिकता शिकता कंपनीत इंटर्नशिप करायचीय, तर जाऊ द्या बिनधास्त. गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासून अर्थशास्त्रच शिकवतंय, फर्ग्युसन १८८५ चं, सीओईपी म्हणजे पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तर १८५४ चं, असल्या ठिकाणी नुसतं वर्गात नाही, कट्ट्यावर पण शिकायला मिळतं.

आता कटऑफची पीडीएफ, म्हणजे मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजला किती पर्सेंटाइलवर सीट बंद झाली त्याची यादी. ही बघून माणूस घाबरतो, पण ती लेकराला शेजारी बसवून अर्धा तास वाचली की समजते. सीट टाइपच्या कोडमधे पहिलं अक्षर जी असलं तर जनरल, एल असलं तर मुलींची सीट, मधे प्रवर्ग, आणि शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या भागातली पोरं, एस म्हणजे स्टेट लेव्हल. परभणी, नांदेड, लातूर, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं, बाकी चार जिल्हे संभाजीनगरच्या विद्यापीठाचे, आणि तुमचं होम कोणतं ते बारावी कुठून पास झालं त्यावर जातं. म्हणजे आपलं पोरगं पुण्याच्या कॉलेजसाठी एचची ओळ बघून खुश होतं अन् त्याची ओळ असते ओ ची. आमच्या गल्लीत दोघांनी हेच केलं, अन् मग दोन्ही घरात रडारड. अजून एक, सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के मार्क नाही, १०० पोरांतली ८५ तुमच्या पोराच्या बरोबरीनं किंवा मागं आहेत एवढाच त्याचा अर्थ. मागच्या दोन-तीन वर्षांच्या यादीतून अवघड, होण्यासारखी अन् नक्की मिळतील अशी कॉलेजं वहीत उतरवून घ्या.

यादी दहा-बाराच्या आसपास आली की मग ते मंगळवारचं काम. मंगळवारच पाहिजे असं नाही, पण रविवार नको, सुट्टी नको, अन् कॉलेजनं बोलावलेला ओपन डे तर नकोच, त्या दिवशी सगळं धुऊन पुसून ठेवलेलं असतं. बारावीचं वर्ष चालू असतानाच एखादा दिवस काढा, कारण ॲडमिशनच्या काळात कॉलेजला पोरं नसतात, नुसते आपल्यासारखे बाप फिरत असतात. आम्ही रात्रीची एसटी धरली, सकाळी पुण्यात वाकडेवाडीच्या एसटी स्टँडला उतरलो, स्टँडवरच तोंड धुतलं. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आज तू मला न्यायचं, मी नुसता मागं येणार. बस त्यानं शोधायची, तिकीट त्यानं काढायचं. पहिल्यांदा चुकीच्या बाजूच्या स्टॉपवर वीस मिनिटं उभे राहिलो, मला दिसत होतं पण मी तोंड उघडलं नाही, फार अवघड गेलं ते.

ज्या भागात रूम मिळण्यासारखी आहे तिथून कॉलेजला सकाळी साडेआठच्या गर्दीत जाऊन बघा, मॅपवर जेवढी मिनिटं दिसतात त्यावर जाऊ नका. मेट्रो आता पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट अन् वनाज ते रामवाडी आहे, कॉलेज त्या लाइनीवर चालत जाण्यासारखं असलं तर लेकराचे रोजचे दोन तास वाचले समजा. नावात पुणे अन् पत्ता वाघोलीच्या पुढं किंवा तळेगावला असं लय ठिकाणी असतं. त्यात वाईट काही नाही, हॉस्टेल आतच असलं तर उलट बरंच, पण जायच्या आधी माहीत पाहिजे.

कॉलेजात ऑफिसमधे आधी जाऊ नका. गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्या. तिथं मराठवाड्यातलं पोरगं हमखास सापडतं, दोन वाक्यात भाषेवरून कळतं. आम्हाला औसा तालुक्यातलं भेटलं, "कुठले काका तुम्ही?" म्हणत स्वतःच येऊन बसलं. सेकंड इयरवाल्याला गाठा, फायनलवाला नुसता प्लेसमेंटचं बोलतो. त्याला विचारा, मागच्या वर्षीचे किती सर सोडून गेले? प्रॅक्टिकलला मशीन स्वतः चालवायला मिळते का आठ जणांत एक चालवतो अन् सात जण रीडिंग उतरवतात? हॉस्टेलला उन्हाळ्यात पाणी किती वाजता येतं? मेसमधे रविवारी संध्याकाळी काय असतं? (काहीच नसतं, बहुतेक ठिकाणी रविवारी रात्री मेस बंद.) मग दुपारी चारला लायब्ररीत डोकावून या, पोरं बसलेली आहेत का नुसते पंखे फिरतायत. आणि मुलगी असेल तर तिच्या आईला किंवा मावशीला सोबत न्या, मुलींच्या बाथरूमची अवस्था बापाला कळत नाही अन् कुणी सांगत पण नाही. शेवटी दोन तास लेकराला एकट्याला आत सोडा. मी गेटवर वॉचमनशी कापसाच्या भावावर बोलत बसलो, तो यवतमाळकडचा निघाला.

पैशाचं मात्र लपवून ठेवू नका. आपल्याकडं एक घाण सवय आहे, लेकराला म्हणायचं तू फक्त अभ्यास कर, पैशाचं मी बघतो, अन् मग रात्री दोघं नवरा-बायको हळू आवाजात हिशेब करतात. पोराला वही घेऊन बसवा. फी, कॉट, मेस, डिपॉझिट, बसपास, वर्षातून चार-पाच चकरा, हे सगळं गुणिले चार. प्रायव्हेट कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, त्याच्या वर कुणी वेगळं काही मागत असेल तर पावती मागा, चेहरा बघण्यासारखा होतो. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असलं तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी ट्युशन फी सुटते, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) अन् ओबीसीतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्युशन अन् परीक्षा फी पूर्ण माफ आहे, माझ्या लेकीच्या वेळी हे नव्हतं. पण हे सगळं कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, घेतलेल्या ॲडमिशनला. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं किंवा खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ घेतलं की ही सवलत गेली, एजंट लोक हे सांगत नाहीत. टीएफडब्ल्यूएस म्हणून ट्युशन फी माफीच्या वेगळ्या सीटा असतात, कटऑफ वर जातो पण फॉर्ममधे भरायला काय जातंय. राहण्याच्या खर्चासाठी अल्पभूधारक शेतकरी अन् नोंदणीकृत मजुरांच्या लेकरांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जाती अन् नवबौद्धांसाठी स्वाधार आहे. फक्त ह्या पैशावर पहिलं सेमिस्टर ढकलायचा विचार करू नका, ते येतात तेव्हा येतात. लोन लागलं तर साडेसात लाखापर्यंत बँकेनं तारण मागायचं नसतं, शेताचा सातबारा घेऊन धावत जायची गरज नाही.

कागदं अकरावीतच काढायला घ्या. जात पडताळणी हे आपल्या भागात वेगळंच प्रकरण आहे, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, जुनी रजिस्टरं उर्दूत नाहीतर मोडीत. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. माझ्या आज्याचा शाळेतला उतारा निघाला उर्दूत, नावाच्या जागी काय लिहिलंय ते हेडमास्तरला वाचता येईना, मग भाषांतर करून घेण्यात दीड महिना गेला. नॉन क्रीमीलेअर काढलेलं असलं तरी कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालतं ते बघा, लोक जुनंच घेऊन जातात.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपमधे कॉलेजांची क्रमवार यादी भरायचा फॉर्म, लेकरानं स्वतः भरायचा, तुम्ही शेजारी बसा. क्रम आवडीचा लावा, मिळेल-न मिळेलचा नाही. अवघड कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही, सीट देताना यादी वरून खाली बघत येतात. एक मात्र ध्यानात ठेवा, पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचंच लागलं तर ते आपोआप फ्रीज होतं, मग माघार नाही, म्हणून एक नंबरला तेच टाका जे मनापासून पाहिजे. आणि नेट कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर फॉर्मला देऊ नका. आमच्या शेजारच्यांनी दिला, ओटीपी त्याच्याकडं, अन् शेवटच्या दिवशी तो लग्नाला गेलेला.

माझ्या पोराला यादीतलं चौथं लागलं, इलेक्ट्रिकल, पुण्यातच. रूम कॉलेजपासून पंधरा मिनिटं चालत. तिघात एक खोली, औशाच्या पोरानंच बघून दिली.

जाताना गादी नेऊ नका, तिथं मिळते, एसटीच्या टपावरून नेलेली गादी कशी होते ते मी लेकीच्या वेळी बघितलंय. कुकर न्या, मेस बंद असली की खिचडी होते. ॲडमिशनला रॅगिंगविरोधी हमीपत्रावर बापाची पण सही लागते, ते नुसतं सही करून देऊ नका, वाचा, अन् १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइनचा नंबर पोराच्या फोनमधे स्वतः सेव्ह करून द्या. पहिला महिनाभर दिवसातून एकच फोन, तो पण रात्री जेवल्यावर. शेंगदाण्याची चटणी महिनाभर टिकते, किलोभर द्या, रूममधले खातातच. धपाटे चार दिवसाचेच द्या, बायको ऐकत नाही, चाळीस बांधून देते, अन् पाचव्या दिवशी पोराचा फोन येतो, "आई, बुरशी आलीय, टाकू का?"